न्यूयॉर्कात पाच दिवस नुसते स्लाइस

बुधवारी रात्री साडेदहाला ताईच्या घरी, म्हंजे न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे जर्सी सिटीत, पोचलो. ताईने वरणभात, बटाट्याची भाजी, लिंबू असा सगळा जामानिमा करून ठेवला होता पण भाचीबाईंनी जाहीर केलं की मामा पहिल्यांदा आलाय तर पहिलं खाणं पिझ्झाच, आणि बिचारे भाऊजी पायात सपाता अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन स्लाइस घेऊन आले. दुकानाचं नाव नाही सांगत, कारण का ते पुढे कळेलच. चीज मेणासारखं थिजलेलं, बूड असं की वहीला पुठ्ठा लागला तर कापून वापरावं. मी अर्धा खाल्ला, गपचूप वरणभाताकडे वळलो आणि मनात म्हटलं, हाच का तो जगप्रसिद्ध न्यूयॉर्क स्लाइस? ह्याच्यासाठी मी डोंबिवलीपासून वही घेऊन आलोय?

हो, वही. मंगळवारी कामासाठी पुढे डॅलसला जायचं होतं, मधे पाच दिवस मोकळे होते, आणि लिबर्टीचा पुतळा वगैरे बघायची मला फारशी हौस नाही (ताईच्या मते हे वेडेपण आहे). ठरवलं होतं की पाच दिवस नुसते स्लाइस खायचे आणि लिहून ठेवायचं. वहीत चार रकाने: बूड, सॉस, चीज, घडी (स्लाइस दुमडून खातात ती). आणि एक नियम, कुठेही गेलो तरी आधी साधा स्लाइस. ज्याच्याकडे साधा डोसा धड नाही त्याच्याकडे मसाला डोसा खाऊ नये, हे आपल्याला उडप्यांनी शिकवलंय, तेच इथे लावायचं.

गुरुवार

जेटलॅगने साडेतीनलाच टक्क जाग. भाऊजींचं इंडियाबरोबर कॉल चालू होतं, त्यांनी खुणेनेच चहा विचारला. सहाला भाचीबाई उठल्या आणि शाळेत जायच्या आधी माझी ट्रेनिंग घेतली, चक्क रात्रीच्या पोळीवर. पोळीचा चतकोर घ्यायचा, मागची कड अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, तर्जनी मधोमध दाबायची की आपोआप पन्हळ होते आणि टोक लोंबत नाही. "मामा, फोर्क नाही घ्यायचा. नेव्हर. मेयरला पण लोक हसले होते." हे खरंय, २०१४ मधे बिल डी ब्लासिओ नवीन नवीन महापौर झालेले, जानेवारीतच कुठेतरी काट्याचमच्याने पिझ्झा खाताना फोटोत सापडले आणि पेपरांनी त्यांना सोलून काढलं. त्यांनी सांगून बघितलं की इटलीत आमच्या पूर्वजांकडे असंच खातात, कोण ऐकतंय.

जर्नल स्क्वेअरवरून पाथ ट्रेन (नदीखालून न्यूयॉर्कला जाते ती) धरली, क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरलो आणि आठ-दहा मिनिटं चालत कार्माइन स्ट्रीट. जोज पिझ्झा, १९७५ पासूनचं. दुकान म्हंजे आपल्याकडचं रसवंतीगृह असतं तेवढं, बसायला जवळपास काही नाही, भिंतीला फळी, त्यावर तिखटाचे फ्लेक्स, ओरेगॅनो, लसणाची पूड. मी रांगेत मनातल्या मनात वाक्य घोकत होतो, "कुड आय प्लीज हॅव वन रेग्युलर चीज स्लाइस", माझा नंबर आला आणि कुड म्हणेपर्यंत समोरच्याने विचारलं "प्लेन?" मी मान हलवली, संपलं. दादर स्टेशनबाहेर वडापाववाल्याला कोणी प्लीज म्हणतं का? एक बोट वर करायचं. इथेही तेच. किंमत चार डॉलरच्या आसपास, म्हंजे साडेतीनशे रुपये, पण रुपयांत हिशोब करणं मी तिथेच बंद केलं नाहीतर घास उतरला नसता.

आता हा स्लाइस जरा नीट सांगतो. अठरा इंची पिझ्झाचा आठवा भाग, कागदी ताटलीच्या बाहेर टोक जातं. ट्रेनिंगप्रमाणे पन्हळ केली. कड आधी कट्ट करून मोडली आणि मग वाकली, पापडासारखी तुटली नाही आणि पावासारखी दबलीही नाही. टोक उचलून बूड बघितलं (शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला) तर भाकरीला तव्याकडच्या बाजूने पडतात तसे तपकिरी डाग, काही ठिकाणी काळपट, मधे पिवळसर. सॉस आंबटगोड, अगदी पातळ थर. चीज आणि सॉस एकमेकांत गेलेले, म्हंजे चीज वेगळं पांढरं आणि सॉस वेगळा लाल असं नाही, मिळून नारिंगी. ते नारिंगी तेल पन्हळीतून घरंगळत मनगटापर्यंत आलं. तेवढ्यासाठीच लोक बाही वर करून खातात हे नंतर लक्षात आलं, शर्ट कामातून गेला होता तोपर्यंत. समोर फादर डेमो स्क्वेअर म्हणून छोटासा चौक आहे, तिथे बाकावर बसून उरलेली कड खाल्ली आणि कबुतरांनी माझ्यावर पाळत ठेवली.

तिथून ब्लीकर स्ट्रीटवरच पुढे जॉन्स आहे, १९२९ चं. मी उत्साहात गेलो तर बाहेर पाटी, नो स्लाइसेस. अख्खाच घ्या नाहीतर नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसाचं काय! पुण्यात असल्यासारखं वाटलं एकदम.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर क्रिस्टोफर स्ट्रीटलाच लिंडुस्ट्री. मूळ दुकान विल्यम्सबर्गला, ही इकडची शाखा. साधा खाल्लाच, पण इथे नियम मोडून बुराटा (आत साय भरलेलं मऊ, ताजं चीज) स्लाइस पण घेतला. गरम स्लाइस भट्टीतून आला की त्यावर गार बुराटाचे गोळे, वर बेसिलचं पान, ऑलिव्ह ऑइलची धार. गरम आणि गार एकाच घासात, गरम जिलबीवर रबडी घातल्यावर जिभेचा जो गोंधळ उडतो तसाच. पीठ इथलं वेगळंच, आत मोठी मोठी जाळी, हलकं. हा स्लाइस उभ्याने, घाईत खायचा नाही. खरं सांगायचं तर हा मला स्लाइसच्या जातीचा वाटला नाही, स्लाइसच्या वेषातला काहीतरी भारी पदार्थ वाटला. पण वहीत "चीज" च्या रकान्यात जागा पुरली नाही एवढं लिहिलंय.

रात्री जेवताना जॉन्सच्या पाटीबद्दल तक्रार केली तर भाऊजींनी सगळं समजावून सांगितलं. ते मेकॅनिकल इंजिनियर, हीटिंगच्या धंद्यातच आहेत, त्यांना असा विषय मिळाला की ताई उठून भांडी आवरायला लागते. तर म्हणे जुनी दुकानं सगळी कोळशाच्या भट्टीवाली. त्या भट्टीत साडेचारशे सेल्सियस आणि वर. पिझ्झा काही मिनिटांत होतो, पातळ, मधे ओलसर, वर ताजं मोझरेला ज्यात पाणी भरपूर. तो तिथल्या तिथे खायचा, तासाभराने त्याचं फडकं होतं. मग १९३०च्या दशकात गॅसच्या भट्ट्या आल्या, फ्रँक मास्ट्रो नावाच्या माणसाला त्याचं श्रेय देतात, आणि युद्धानंतर त्या गल्लोगल्ली पोचल्या. लांबट, बुटक्या, एकावर एक ड्रॉवरसारख्या, त्यांना डेक अवन म्हणतात. उष्णता तीनशे सेल्सियसच्या अलीकडे, पिझ्झा सावकाश होतो, कोरडा होतो, चीज पण कमी पाण्याचं. आणि म्हणूनच तो काउंटरवर थांबू शकतो, गिऱ्हाईक आलं की एक तुकडा परत भट्टीत सारायचा, दीड-दोन मिनिटांत जिवंत. "म्हणजे बघ," भाऊजी म्हणाले, "अख्खा पिझ्झा कापला की स्लाइस होतो असं नाहीये. स्लाइस हा दोनदा भाजायचाच पदार्थ आहे."

हे वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं. पुढचे चार दिवस मी जे काय बघितलं ते ह्याच नजरेने.

शुक्रवार

संकष्टी. ताईचा उपास. निघताना तिने एवढंच म्हटलं, "आज तरी ते डुकराचं काही खाऊ नकोस रे." मी उपास करत नाही पण हो म्हटलं, आणि ते हो दिवसभर मला नडलं.

लोंबार्डीज, स्प्रिंग स्ट्रीट. १९०५ सालचं अमेरिकेतलं पहिलं पिझ्झेरिया म्हणून ह्याचं नाव घेतात, मधे १९८४ ला बंद पडलं आणि १९९४ ला त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागेत परत उघडलं. कोळशाची भट्टी, अख्खाच मिळतो. आज तयारीने गेलो होतो, छोटा घेतला, सहा तुकडे. भाऊजींचं भाषण डोक्यात होतं म्हणून बघत होतो, चीजचे पांढरे डबके वेगळे, सॉस वेगळा, कडेला करपल्याचे काळे फोड, आणि ते फोड कडू लागत नाहीत, धुरकट लागतात, वांगं भाजल्यावर हाताला जो वास राहतो तसे. मस्त. पण टोक लोंबतं. घडीच्या रकान्यात शून्य, तो त्याचा दोष नाही, त्याची जातच वेगळी. तीन खाल्ले, तीन बांधून घेतले. (ह्या कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्यांना शहराने २०२४ पासून धुरातले कण ७५ टक्के कमी करायचा नियम लावलाय, त्यावरून बरंच रान पेटलं होतं.)

तिथून चालत प्रिन्स स्ट्रीट पिझ्झा, २७ नंबर. ह्या गाळ्याची गंमत ऐका. इथे १९५९ पासून रेज पिझ्झा होतं. ते चाललं, मग गावभर रे नावाची दुकानं फुटली, ओरिजिनल रेज, फेमस रेज, फेमस ओरिजिनल रेज, वर्ल्ड फेमस ओरिजिनल, आणि मग खरा रे कोण ह्यावर कोर्टकचेऱ्या. सगळ्यात भारी म्हंजे मूळ मालकाचं नाव रे नव्हतंच, राल्फ होतं. आपल्याकडे "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी का लावतात ते इथे येऊन पटलं. रेज २०११ ला बंद झालं आणि आता तिथे हे.

इथला प्रसिद्ध म्हंजे जाड चौकोनी पेपरोनी. मी रांगेत उभा, माझ्यापुढच्या माणसाने तोच घेतला, आणि मला तो अगदी हातभर अंतरावरून दिसत होता: पेपरोनीच्या चकत्या भट्टीत आक्रसून त्यांच्या वाट्या झालेल्या, कडा काळ्या, आणि प्रत्येक वाटीत लालभडक तेल. मिसळीच्या तर्रीच्या इवल्या इवल्या वाट्या म्हणा ना. पेपरोनी म्हंजे डुक्कर. काउंटरपाशी पोचलो आणि ताईचा चेहरा डोळ्यापुढे आला. साधा चौकोनी घेतला. चांगला होता, खालची बाजू तेलात तळल्यासारखी कुरकुरीत, आत मऊ. पण मी अख्खा वेळ त्या माणसाच्या ताटलीकडे बघत खाल्ला.

दुपारी लोअर ईस्ट साइडला ऑर्चर्ड स्ट्रीटवर स्कार्स. २०१६ चं दुकान पण आत सजावट सत्तरच्या दशकाची, लाकडी पॅनेल वगैरे. हे लोक गहू स्वतः दळतात. आपल्याला ह्यात काय कौतुक, आपण गिरणीतनं दळण आणणारी माणसं, पण खरंच फरक कळतो. कडेचा नुसता तुकडा, सॉस-चीज न लागलेला, चावून बघितला तर गव्हाची चव आली, पोळीच्या जवळची. बाकी बहुतेक ठिकाणी कड ही धरायची मूठ असते, इथे ती खायची गोष्ट आहे. बुडाच्या रकान्यात पहिला नंबर ह्याला, अजूनही.

रात्री घरी आलो, ताई बाल्कनीत, ढगांमुळे चंद्र दिसेना. ॲप म्हणतंय उगवला, समोरची बिल्डिंग म्हणते नाही. साडेआठ, पावणेनऊ. शेवटी ढगाच्या फटीतनं दिसला तेव्हा मोदकांवर सगळे तुटून पडलो, आणि भाऊजींनी कौतुकाने माझे लोंबार्डीजचे तीन तुकडे मायक्रोवेव्हमधे घातले. स्वतःचंच भाषण विसरले! बाहेर काढले ते रबर. हीटिंगवाल्या माणसाने मायक्रोवेव्ह वापरावा? ताई हसून हसून बेजार.

शनिवार

ब्रुकलिन. भाचीबाई सोबत. थर्टीथर्ड स्ट्रीटपर्यंत पाथ, तिथून क्यू ट्रेन. मॅनहॅटन ब्रिजवर गाडी वर येते तेव्हा खाली नदी, बाजूला ब्रुकलिन ब्रिज, आणि डब्यात कोणी मान वर करून बघत पण नाही, ठाण्याच्या खाडीवरनं जाताना आपण बघतो का, तसंच. वाटेत भाचीबाईंनी फोनवर पिझ्झा रॅट दाखवला, २०१५ चा तो व्हिडिओ, सबवेच्या, म्हंजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, जिन्यावरून उंदीर अख्खा स्लाइस ओढत नेतोय. "मामा, त्याला पण फोर्क नको."

ॲव्हेन्यू जे. ज्यू लोकांची वस्ती, शनिवार म्हणून बेकऱ्या, दुकानं सगळी कडीकुलपात, काळे कोट घातलेली कुटुंबं संथ चाललेली, मधनं मधनं बाल्कनीत लाकडाचे आणि कापडाचे मांडव. मी म्हटलं इथे गणपती बसतात काय, तर भाचीबाईंनी सांगितलं सुक्कोत हा त्यांचा सण चालू आहे, त्या मांडवात बसून जेवायचं असतं. अख्खा रस्ता शांत आणि त्यात हे एक दुकान गजबजलेलं, डी फारा. १९६५ पासूनचं. डॉम डीमार्को नावाचे गृहस्थ, इटलीतून आलेले, पन्नासेक वर्षं जवळजवळ प्रत्येक पिझ्झा स्वतःच्या हाताने करायचे, हळूहळू, कितीही रांग असो. भट्टीतून पिझ्झा हातानेच बाहेर ओढायचे म्हणतात. २००९ ला ह्यांनी स्लाइस पाच डॉलरला नेला तेव्हा शहरात बोंबाबोंब झाली होती, आणि रांग तरी तेवढीच राहिली. २०२२ ला गेले, आता घरची माणसं चालवतात.

इथे माझं लक्ष कात्रीकडे. पिझ्झा भट्टीतून आला, काउंटरवर ठेवला, त्यावर ऑलिव्ह ऑइलची धार, किसलेलं चीज, आणि मग बेसिलची जुडी डाव्या हातात धरून कात्रीने कचकच कचकच वरूनच कापली. डॉम ह्यांचीच पद्धत. गरम चीजवर पानं पडताक्षणी जो वास उठला, कोथिंबीर फोडणीत न घालता वरून का घालतात त्याचं उत्तर त्यात आहे. दोन-तीन प्रकारची चीज असावीत, सॉस दाट, तेल सढळ, कागदी ताटली पारदर्शक झाली. जोजच्या स्लाइसपेक्षा जड, घडी घालताना हाताला वजन कळतं. आम्ही दोघं काही बोललोच नाही. चौदा वर्षांची मुलगी पाच मिनिटं फोनकडे बघत नाही म्हंजे काय ते समजा.

शाकाहारी मंडळींसाठी एक, हे वरून किसतात ते चीज बहुतेक पेकोरिनो रोमानो किंवा पार्मिजानो, आणि त्यात जनावरांच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं, पेकोरिनोत कोकराचं, पार्मिजानोत वासराचं. ताईला हे माहितीये म्हणून ती बाहेर फक्त मोझरेलावालं, तेही विचारून खाते. ज्यांना चालत नाही त्यांनी काउंटरवर आधीच सांगा, वरून घालू नका म्हणून.

परत क्यू धरली आणि शेवटपर्यंत, कोनी आयलंड. ऑक्टोबरचा समुद्र, वारा, १९२० चा वंडर व्हील नावाचा पाळणा, १९२७ चा सायक्लोन रोलरकोस्टर. अर्धा तास चाललो कारण पोटात जागा करायची होती. मग डी ट्रेनने उलट दोन-तीन स्टेशनं, ट्वेंटीफिफ्थ ॲव्हेन्यू. एटीसिक्स्थ स्ट्रीटवर डोक्यावरून रेल्वे जाते, लोखंडी खांबांच्या खालून गाड्या, सगळीकडे सावलीचे पट्टे, दर थोड्या वेळाने धडधड. तिथून जरा पुढे एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स, १९३९. बाहेर लाल बाकडी, खिडकीवर ऑर्डर.

इथला चौकोनी सिसिलियन उलटा असतो, आधी पिठावर चीज आणि त्याच्यावर सॉस. पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं चीज घालायला विसरले की काय. चावलं की खाली कुरकुर, मग जाड मऊ पाव, मग चीज आणि पाव जिथे भेटतात तिथे एक ओलसर, जवळजवळ कच्चट थर, ढोकळ्याच्या आणि गुलाबजामच्या मधे कुठेतरी, आणि सगळ्यात वर गोडसर सॉस. त्या मधल्या थरावरून लोकांची भांडणं असतात, काहींना तो आवडत नाही, मला तोच आवडला. भाचीबाईंना कोपऱ्याचा तुकडा हवा होता कारण त्याला दोन बाजूंनी कुरकुरीत कड मिळते. आपल्या घरात पातेल्याच्या तळाच्या खरवडीवरून भांडायचो त्यातलाच प्रकार. मग तिने स्पुमोनी घेतलं, पिस्ते, चॉकलेट असं तीन रंगांचं, कुल्फी आणि आइस्क्रीमच्या मधलं, आणि मला एक चमचा दिला. एकच.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा अख्खी अर्धी परात एकटे खात होते, नातवंडांना ओरडत, रेल्वे जाताना अर्ध्यात वाक्य थांबवायचे आणि गाडी गेली की तिथूनच पुढे चालू. ह्याची सवय लागायला किती वर्षं लागत असतील.

रविवार

पाऊस, वारा, छत्री उलटी. स्टेटन आयलंडला जायचं ठरवलं होतं, फेरी फुकट असते, पण भाऊजींनी नको म्हटलं आणि मलाही फारसा दम नव्हता.

मिडटाउनला गेलो तेवढ्यात. दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, डॉलर स्लाइस. टू ब्रोज नावाची जी साखळी आहे तिने २००८ ला सेंट मार्क्स प्लेसला सुरू केलं आणि मंदीत ते तुफान चाललं, एक डॉलरला एक. मी गेलो तेव्हा दीड डॉलर. पीठ पातळ, सॉस गोड, चीज बेताचं, पण भट्टी थांबतच नाही, एक संपतोय तोवर दुसरा बाहेर. रांगेत डिलिव्हरीवाले, शाळेतली पोरं, सुटातला एक माणूस, आणि निथळता मी. गरमागरम मिळाला, उभ्या उभ्या तीन मिनिटांत संपला.

दुसरं, त्याच्यानंतर दोनच चौक सोडून एका झगमगीत, टुरिस्टांच्या दुकानात (नाव नको) तिप्पट-चौपट पैसे देऊन खाल्लेला. काचेआड दहा प्रकार मांडलेले, पास्तावाला, चिकनवाला, मी साधा मागितला, तो कधीपासून तिथे होता देव जाणे, आणि भट्टीत जेमतेम अर्धा मिनिट. वरून कोमट, आत गार. बुधवार रात्रीच्या पुठ्ठ्याचा सख्खा भाऊ.

आणि तिथे ओल्या बुटांत उभं राहून माझी ट्यूब पेटली. आपण वडापाव खाताना गाडी बघतो का? आपण घाणा बघतो. आत्ता निघालाय का, कढईत आहे का, का सकाळचा ढीग आहे. चांगल्या गाडीवरचा शेवटचा वडा पण वाईटच. मी चार दिवस दुकानांना मार्क देत होतो आणि मार्क घाण्याला द्यायला पाहिजे होते! जोजला किंवा त्या दीड डॉलरवाल्याकडे गर्दीच एवढी की घाणा शिळा होतच नाही. गर्दी नसेल तर मग परत भाजणाऱ्या माणसाच्या हातात सगळं आहे, त्याने दोन मिनिटं थांबायला हवं, आणि आपणही.

परतताना सबवेत एक आठवलं, त्याला पिझ्झा प्रिन्सिपल म्हणतात, १९८० ला न्यूयॉर्क टाइम्समधे एरिक ब्रॅम नावाच्या माणसाने मांडलेलं की साध्या स्लाइसची किंमत आणि सबवेचं तिकीट साठच्या दशकापासून हातात हात घालून वाढतंय, एक वाढलं की दुसरं येणारच. मी गेलो तेव्हा तिकीट २.९० आणि चांगला स्लाइस साडेतीन-चारच्या घरात, म्हंजे स्लाइस पुढे पळालाय. लोकलचा सेकंड क्लास आणि वडापाव ह्यांचं असं गणित कोणीतरी मांडायला हवं, आपल्याकडे वडापाव कधीच लांब निघून गेलाय.

सोमवार

कोलंबस डेची सुट्टी, पाऊस चालूच, त्यामुळे शहरात जायचं रद्द. पण डोक्यात घाणा होता. अकरा वाजता मी भाचीबाईंना म्हटलं, चल, कोपऱ्यावर. ती म्हणे मामा, तुला तो आवडला नव्हता. म्हटलं चल तर.

दुकान नुकतंच उघडलेलं, रिकामं. भाऊजी म्हणाले होते की बुधवारी रात्री काउंटरवर उरलेले तीन तुकडे पडले होते, आज काहीच नव्हतं. माणूस म्हणाला पहिला पाय (इथे अख्ख्या पिझ्झाला 'पाय' म्हणतात) भट्टीत आहे, पाच-सहा मिनिटं. थांबलो. त्याने भट्टीचं दार उघडलं, लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पिझ्झा घेऊन अर्धा गोल फिरवला, परत सारला. मग एक फुगा आला होता तो टोचला. मग काढला, चाकाने चार वेळा आरपार, आठ तुकडे. आम्ही दोन तिथेच खाल्ले. तेच दुकान, तेच पीठ असणार, तोच सॉस, आणि बूड खमंग, कड कट्ट वाजली, तेल मनगटावर. एकूण यादीत डी फारा, जोज आणि स्कार्सच्या खाली हा चौथा. बुधवारी मी ह्याला शून्य दिलं होतं, ते खोडलं. त्याला सांगावंसं वाटलं पण इंग्रजीत घाण्याला काय म्हणतात ते सुचेना. उरलेले सहा बॉक्समधे घालून घरी.

संध्याकाळपर्यंत ते अर्थातच थिजले. भाऊजी सवयीने मायक्रोवेव्हकडे निघाले तर ताईने हातातनं बॉक्स काढून घेतला. तिने भाकरीचा लोखंडी तवा काढला, बारीक गॅस, तेल नाही काही नाही, दोन तुकडे तसेच टाकले. दोन मिनिटांनी तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाकलं, चुर्र झालं की वरून झाकण. घावनांना ठेवतात तसं. अजून एक मिनिट. खालून बूड परत कडक, वरून वाफेने चीज मऊ. भाऊजींनी एक उचलून उलटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी थर्मल कंडक्टिव्हिटीचं बोलायला तोंड उघडलं.

"आधी खा," ताई म्हणाली, "आणि ती लसणाची चटणी घ्या, फ्रिजच्या दारात आहे."